घंटा एक फेरी आधी वाजली : वाचकांचे प्रश्न, एका जुन्या धावपटूची उत्तरे

‘खेळाने मला काय दिले’ या विषयावर वाचकांनी आपले अनुभव आणि प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागच्या अंकात केले होते. पत्रे भरपूर आली आणि त्यांपैकी बहुतेक पदकाविषयी नसून हुकलेल्या पदकाविषयी आहेत. नाशिक शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. तिघांनी नाव छापू नये अशी विनंती केली होती. म्हणून कोणाचेच छापलेले नाही.

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. शालेय विभागीय स्पर्धेत ४०० मीटरला तो चौथा आला. तिसऱ्या मुलात आणि त्याच्यात छातीभराचेही अंतर नव्हते. तीन आठवडे झाले, तो मैदानाकडे फिरकलेला नाही. खेळाने चारित्र्य घडते, असे आम्ही त्याला लहानपणापासून सांगत आलो. आता तोच उलट विचारतो, ‘चौथा येऊन माझे काय घडले?’ त्याला काय सांगावे? — एक वडील, इंदिरानगर

मुलाचा प्रश्न तुमच्या वाक्यापेक्षा सरस आहे, हे आधी मान्य करून टाका. ‘खेळाने चारित्र्य घडते’ हे वाक्य मी बक्षीस समारंभांत इतक्या वेळा ऐकले आहे, आणि खरे सांगायचे तर इतक्या वेळा बोललोही आहे, की त्याचा अर्थ शिल्लक राहिलेला नाही. मैदानावर वाढलेली लबाड माणसे मी पाहिली आहेत आणि ज्यांनी आयुष्यात कधी धावून पाहिले नाही अशी सरळ माणसेही पाहिली आहेत. मैदान एवढेच करते, की जो प्रश्न इतरांसमोर वर्ष-दोन वर्षांतून एकदा उभा राहतो, तो खेळाडूसमोर रोज सकाळी सहा वाजता उभा करते. उत्तर ज्याचे त्यालाच द्यावे लागते, आणि ते एखाद्या दिवशी चुकले तरी दुसऱ्या दिवशी प्रश्न पुन्हा समोर असतोच.

चौथ्या क्रमांकाविषयी आपल्याकडे सर्वांत जास्त बोलले गेले ते पी. टी. उषा यांच्या बाबतीत. लॉस एंजेलिस, १९८४, महिलांची ४०० मीटर अडथळा शर्यत : उषा यांची वेळ ५५.४२ सेकंद आणि तिसऱ्या आलेल्या रुमानियाच्या क्रिस्तियाना कोजोकारू यांची ५५.४१. नंतरच्या मुलाखतींमध्ये उषा यांनी या शर्यतीविषयी जे सांगितले, त्यातल्या दोन गोष्टी माझ्या लक्षात राहिल्या आहेत. एक म्हणजे अंतिम रेषेवर छाती वेळेवर पुढे झोकली गेली नाही. दुसरी म्हणजे क्रीडानगरीत मानवेल असे जेवण मिळत नव्हते, भाताची पेज आणि लोणचे यांवर दिवस काढावे लागले, आणि त्याचा परिणाम शेवटच्या पस्तीसेक मीटरमध्ये जाणवला. ही दोन्ही कारणे किती साधी आहेत पाहा. एक तंत्राचे आहे, दुसरे पोटाचे. पुढच्याच वर्षी जकार्ता येथील आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धेत त्यांनी पाच सुवर्णपदके मिळवली. पराभवाने त्यांना मोठे केले, असा निष्कर्ष मी यातून काढणार नाही, कारण पाय तेच होते आणि मेहनतही आधीपासूनचीच होती. मात्र शर्यत कुठे निसटली हे ज्याला मीटरमध्ये सांगता येते, त्याला पुढच्या सोमवारी सरावाला नेमके काय करायचे तेही कळते.

म्हणून मुलाला समजावत बसू नका. त्याच्या हाती एक कागद द्या आणि शेवटच्या पन्नास मीटरमध्ये काय झाले एवढेच लिहायला सांगा : खांदे वर चढले होते का, मान मागे गेली होती का, शेजारच्या लेनकडे नजर गेली का. ४०० मीटर धावणाऱ्या मुलांचे खांदे शेवटच्या वळणानंतर कानाला लागतात आणि ते त्यांचे त्यांना कळत नाही. ‘मी हरलो’ हे वाक्य त्या कागदावर नसावे, एवढी एकच अट घाला. त्यानंतर तो मैदानावर जाईल की नाही, हे त्याला ठरवू द्या. तीन आठवडे म्हणजे काही फार नव्हेत. मी एकदा दोन महिने बूट माळ्यावर टाकून दिले होते आणि आईने ते परस्पर बोहारणीला देऊन टाकले, ही गोष्ट वेगळी.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून खेळाडूंच्या मुलाखती आणि आत्मकथने नेमाने वाचतो. परंतु मेहनत, जिद्द, चिकाटी, आईवडिलांचे आशीर्वाद यांपलीकडे त्यांत काही सापडत नाही. दोष माझ्या वाचनाचा की त्यांच्या सांगण्याचा? — एक वाचक, पंचवटी

दोष बराचसा विचारणाऱ्यांचा आहे. ‘या यशाचे श्रेय कोणाला द्याल’ असे विचारल्यावर दुसरे उत्तर येणार तरी कोणते? माझी वाचण्याची एक सवय सांगतो. मी विशेषणे ओलांडून पुढे जातो आणि जिथे एखादी वस्तू, एखादा आकडा किंवा एखादी अडचण येते तिथे थांबतो.

स्वप्नील कुसाळेचेच घ्या. हा कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा मुलगा, आणि नेमबाजीचे पहिले धडे त्याने आपल्या नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत गिरवले. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत वैयक्तिक अंतिम फेरीत तो आघाडीवर असताना ७.६ गुणांचा एक कमकुवत नेम गेला आणि तो थेट चौथ्या क्रमांकावर उतरला. पुढे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून नेम साधण्याच्या) प्रकारात ४५१.४ गुणांसह त्याने कांस्यपदक मिळवले. त्यानंतर त्याने सांगितले, की सकाळपासून काही खाल्ले नव्हते, फक्त काळा चहा घेतला होता. छाती धडधडत होती, श्वासावर लक्ष ठेवले आणि वेगळे काही करायला गेलो नाही. ‘वेगळे काही करायला गेलो नाही’ हे मला चिकाटीवरच्या दहा परिच्छेदांपेक्षा मोलाचे वाटते. ज्याने आघाडी एका गोळीत गमावली आहे, त्याला पुढच्या अंतिम फेरीत काहीतरी खास करून दाखवण्याचा मोह किती होत असेल, याची कल्पना करून पाहा.

खाशाबा जाधवांचेही तसेच. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमधले त्यांचे कांस्यपदक सर्वांना पाठ आहे. त्यांना तिथे पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले होते, आणि परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून ते पैसे फेडले. पदकापेक्षा ती परतफेड मला त्या माणसाविषयी जास्त सांगते.

आणि आपल्या जिल्ह्यातला दत्तू भोकनळ. चांदवड तालुक्यातले तळेगाव रोही हे त्याचे गाव, म्हणजे टँकरची वाट पाहणारा भाग. विहिरी खणण्याच्या कामावर जाणारा हा तरुण २०१२ मध्ये सैन्यात भरती झाला आणि तिथे त्याला नौकानयनासाठी निवडले गेले. सुरुवातीला पाण्याची भीती वाटत असे, हे त्याने मोकळेपणाने सांगितले आहे. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तो एकेरी स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी नाव वल्हवण्याच्या शर्यतीत, तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत अंगात ताप असताना एकेरीच्या अंतिम शर्यतीत तो सर्वांत शेवटी पोहोचला आणि दुसऱ्याच दिवशी चौघांच्या स्कल्समध्ये त्याच्या संघाने सुवर्णपदक जिंकले. त्या दोन दिवसांमधल्या रात्री त्याच्या मनात काय चालले होते, हे त्याला कोणीतरी निवांत बसून विचारायला हवे. गुरुजी, तुम्हीच जा. चांदवड काही फार लांब नाही.

प्रश्न : मी पेठ तालुक्यातली असून नाशिकला वसतिगृहात राहते. वय २०. यंदा राज्य स्पर्धेत पहिल्यांदा पदक मिळाले. त्या रात्री झोप लागली नाही, पण आनंदाने नव्हे. आता पुढे काय, एवढेच डोक्यात होते. तेव्हापासून सकाळी उठावेसे वाटत नाही. घरचे म्हणतात पोलीस भरतीची तयारी कर. मी कृतघ्न आहे का? — एक धावपटू

कृतघ्न वगैरे काही नाहीस. जे तुला झाले आहे ते तुझ्यापेक्षा फार मोठ्या खेळाडूंनाही झालेले आहे, फक्त सत्काराच्या वेळी ते कोणी बोलत नाही. अभिनव बिंद्रा यांनी २००८ मध्ये बीजिंगला १० मीटर एअर रायफलमध्ये सुवर्णपदक मिळवले. वैयक्तिक प्रकारातले ते भारताचे पहिलेच ऑलिम्पिक सुवर्ण. त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले, की त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे मानसिक संकट अपयशातून नव्हे, तर या यशानंतर आले. वर्षानुवर्षे एकाच गोष्टीसाठी जगायचे आणि एका सकाळी ती हातात यायची, की दुसऱ्या दिवशी उठायचे कशासाठी, असा प्रश्न पडतोच. तुझ्या बाबतीत तर वसतिगृह, जेवणाची वेळ, झोप, मैत्रिणी, सगळेच त्या एका स्पर्धेभोवती बांधलेले असणार. खुंटा उपटला की दोरी सैल पडते.

तुझ्या भागातून आलेल्या प्रत्येक मुलीला कविता राऊतचे उदाहरण दिले जाते, आणि ते ऐकून तुझे कान किटले असतील. तरीही मी देतो, पण वेगळ्या कारणासाठी. हरसूलकडच्या सावरपाड्याची ही मुलगी नाशिकला विजेंद्र सिंग यांच्याकडे सराव करत असे. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरला कांस्यपदक मिळवले, आणि वैयक्तिक धावण्याच्या शर्यतीत त्या स्पर्धेत पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. तो ऑक्टोबर महिना होता. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने १०,००० मीटरला रौप्य आणि ५,००० मीटरला कांस्य मिळवले. एका पदकाचा उत्सव संपायच्या आत पुढची शर्यत आली, आणि मला वाटते, ते तिच्या पथ्यावरच पडले असावे. लांब पल्ल्याच्या धावपटूला रिकामा महिना मानवत नाही. तुझ्यापुढे मात्र आत्ता रिकामा महिना आहे. तेव्हा स्पर्धा नसेल तर तारीख तरी ठरव. डिसेंबरमधल्या अमुक रविवारी मी १० किलोमीटर अमुक वेळेत धावणार, एवढे कागदावर लिहून प्रशिक्षकांना दाखव.

पोलीस भरतीला कमी लेखू नकोस. मुलींना तिथे ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. तुझ्या पल्ल्याच्या मानाने ८०० मीटर म्हणजे दारातून अंगणात जाण्यासारखे, पण १०० मीटर आणि गोळा यांसाठी तुला नव्याने शिकावे लागेल. नव्याने काही शिकताना माणूस पुन्हा अनाडी होतो आणि अनाडी असण्यात एक गंमत असते, ती तुला आत्ता उपयोगी पडेल.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे लिहितो. आणखी दोन आठवडे असेच राहिले, भूक गेली, रडू येत राहिले, तर वसतिगृहाच्या मॅडमना सांगून डॉक्टरांकडे जा. सरकारच्या ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. पायाचा स्नायू दुखावला तर आपण लंगडत धावत नाही, फिजिओकडे जातो. इथेही तेच कर.

प्रश्न : मुलीचे दहावीचे वर्ष आहे. बॅडमिंटन वर्षभर बंद करावे का? — एक आई, गंगापूर रोड

बंद करू नका, कमी करा. बंद केलेल्या दोन तासांत मुले अभ्यास करतात, असे मी तरी अजून पाहिलेले नाही. ती मोबाईल पाहतात. आणि क्रीडा गुणांच्या सवलतीसाठीच खेळायचे असेल, तर नियम शाळेत नीट विचारून घ्या, प्रस्ताव वेळेत जावा लागतो.

प्रश्न : मी पंचावन्न वर्षांचा असून सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. ही नोकरी मला कबड्डीमुळे मिळाली. तेव्हाच्या एका अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईला समोरच्या खेळाडूच्या बोटाचा माझ्या पोटरीला निसटता स्पर्श झाला होता. पंचांना तो दिसला नाही. मी गप्प उभा राहिलो. आम्ही एका गुणाने जिंकलो आणि त्या विजयावर माझी निवड झाली. आता २९ ऑगस्टला, राष्ट्रीय क्रीडा दिनी, एका शाळेने मला मुलांसमोर ‘खेळ आणि चारित्र्य’ या विषयावर बोलायला बोलावले आहे. मी जावे का? — एक माजी कोपरारक्षक

आजच्या पत्रांत हे पत्र मी सर्वांत जास्त वेळा वाचले. उत्तर देण्याआधी माझी बाजू सांगणे भाग आहे.

कॉलेजात असताना एका जिल्हा स्पर्धेत मी ५,००० मीटर धावलो. मातीचा ट्रॅक, चुन्याच्या रेषा, साडेबारा फेऱ्या. फेऱ्या मोजायला दोन शिक्षक टेबलावर कागद घेऊन बसलेले आणि धावणारे आम्ही तीसएक जण. पुढचे दोघे फारच वेगवान होते. दहाव्या फेरीनंतर त्यांनी मला मागून गाठले आणि ओलांडले, म्हणजे मी त्यांच्यापेक्षा एक अख्खी फेरी मागे होतो. ईर्ष्येने मी त्यांच्या मागे चिकटलो. त्यांच्यासाठी शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा मी त्यांच्यामागे वीस पावलांवर होतो. ती घंटा माझी नव्हती, माझ्या अजून दोन फेऱ्या शिल्लक होत्या, आणि हे मला पक्के ठाऊक होते, कारण मी प्रत्येक फेरीला एक बोट दुमडत असे. ते दोघे रेषा ओलांडून थांबले, मागोमाग मी रेषेवर आलो आणि एका गृहस्थांनी माझा दंड धरून हातात पुठ्ठ्याचा तुकडा ठेवला. त्यावर निळ्या शाईने ‘३’ लिहिले होते. माझे तोंड उघडलेले होते, पण ते श्वासासाठी. अर्ध्या मिनिटाने खरा तिसरा आला. त्याला ‘४’ मिळाला. तो टेबलाशी वाद घालत होता आणि मी पाणी पीत होतो. त्या तिसऱ्या क्रमांकावर मी विभागीय स्पर्धेला गेलो आणि तिथे शेवटून दुसरा आलो.

तेव्हा तुम्हाला उपदेश करण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. एक प्रसंग मात्र सांगतो, जो बहुतेक ठिकाणी अर्धाच सांगितला जातो. डिसेंबर २०१२ मध्ये स्पेनमधील बुर्लादा येथे क्रॉसकंट्री शर्यतीत केनियाचा एबेल मुताई पुढे होता. त्याच वर्षी लंडन ऑलिम्पिकला त्याने स्टीपलचेसचे (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याच्या शर्यतीचे) कांस्यपदक मिळवले होते. शर्यत संपली, असे समजून तो रेषेच्या आधीच सैलावला. मागून येणारा इव्हान फर्नांडेझ अनाया त्याला सहज ओलांडू शकला असता, पण तो मागेच राहिला आणि खुणांनी त्याला रेषेपर्यंत नेले. इथवरची गोष्ट प्रार्थनेच्या वेळी शाळांत सांगतात. पुढची अशी, की अनायाचे प्रशिक्षक मार्टिन फिझ, जे स्वतः १९९५ चे मॅरेथॉन विश्वविजेते, त्यांनी नाराजी लपवली नाही. या कृतीने तो माणूस म्हणून चांगला ठरला, धावपटू म्हणून नव्हे, असे त्यांचे मत होते. आणि खुद्द अनायाने त्या वेळी सांगितले, की जागतिक किंवा युरोपीय पदक पणाला लागले असते, तर कदाचित आपणही संधी साधली असती. मला त्या दोघांमध्ये हे सांगणारा अनाया जास्त भावतो. आपल्या प्रामाणिकपणाची हद्द कुठे संपते, हे त्याने स्वतःहून दाखवून दिले.

तुम्ही शाळेत जरूर जा. चारित्र्यावर बोलू नका, त्या चढाईवर बोला. स्पर्श कुठे झाला, तुम्ही पंचांकडे पाहिले की जमिनीकडे, साखळीतल्या शेजाऱ्याने तुमचा हात दाबला का, हे सांगा. सगळे सांगून झाल्यावर ‘आज मला पश्चात्ताप होतो’ असे म्हणण्याची घाई करू नका. होत असेल तर तो आवाजात येईलच, आणि होत नसेल तर मुलांना ते लगेच कळते.

माझ्या बाबतीत पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. बऱ्याच वर्षांनी तो चौथा मला गोल्फ क्लब मैदानावर सकाळी चालताना भेटला, दोघांची पोटे सुटलेली. एका बाकावर बसून मी त्याला सारे सांगितले. तो रागावेल किंवा निदान हसेल, असे वाटले होते. त्याने थोडा विचार केला आणि विचारले, “मग तुझी साडेअकरा फेऱ्यांची वेळ काय होती?” मी सांगितली. त्याने बोटांवर हिशेब केला, साडेबाराची वेळ काढली आणि म्हणाला, “म्हणजे मी तुझ्यापुढे पाऊण मिनिट होतो.” नंतर आम्ही चहा घेतला. पैसे त्याने दिले नाहीत.

शाळा तुम्हाला बहुधा पंधरा मिनिटे देईल. त्यांतली दहा चढाईला द्या आणि पाच प्रश्नांना ठेवा. पहिला प्रश्न कोणता येईल, हे मी आताच सांगू शकतो : “सर, मग तुम्ही नोकरी सोडली का?” त्याचे उत्तर घरूनच तयार करून न्या.